मुरुमं गेली, डाग राहिले: लाल आणि तपकिरी डागांवर कोणता प्रकाश, किती आणि कधी

प्रश्न असा आहे: मुरुमं बसून चार महिने झाले. गालांवर आणि जबड्याच्या कडेला सपाट डाग उरलेत, काही लालसर, काही तपकिरी. वर्ण सावळा आहे. घरी वापरायचा एलईडी मास्क घ्यावा की दवाखान्यात लेसर करून घ्यावं? आणि मास्क घेतला तर निळा दिवा लावावा, लाल की पिवळा?

डाग कशाचा बनलाय हे ठरल्याशिवाय दिवा ठरत नाही. लाल डाग आणि तपकिरी डाग शेजारी शेजारी असले तरी ते दोन वेगळे आजार समजावेत. लाल डागात रक्तवाहिन्यांचा प्रश्न असतो. मुरमाच्या सुजेत त्वचेतल्या केशवाहिन्या फुगतात आणि सूज ओसरल्यावरही काही काळ रुंदच राहतात. वरची त्वचा बरी होताना पातळ असते, त्यामुळे त्या आरपार दिसतात. डॉक्टर याला पीआयई म्हणतात. तपकिरी डागात मेलॅनिन असतं. सुजेच्या माऱ्याने रंगपेशी चेकाळतात आणि गरजेपेक्षा जास्त रंगद्रव्य आजूबाजूच्या पेशींना वाटत सुटतात. हे पीआयएच. वर्ण जितका गडद तितका दुसरा प्रकार जास्त, आणि सावळ्या त्वचेत बहुतेक वेळा दोन्ही एकाच डागात मिसळलेले असतात.

घरच्या घरी ओळखायचं तर पारदर्शक काचेचा पेला घ्या, स्वच्छ धुऊन डागावर हलकेच दाबा आणि काचेतून पाहा. दाबल्यावर लाली निघून गेली आणि काच उचलताच परत आली तर ती रक्तवाहिन्यांची लाली आहे. दाबूनही रंग तसाच राहिला तर ते मेलॅनिन. लाली गेली आणि खाली फिकट तपकिरी छटा उरली तर दोन्ही आहे. ही चाचणी खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात करा. पिवळ्या बल्बखाली सगळेच डाग तपकिरी दिसतात. त्यानंतर खोलीत अंधार करून टॉर्च गालाला जवळजवळ समांतर धरा. डागाच्या जागी सावली पडली तर तिथे खड्डा आहे. तो व्रण झाला, आणि त्याचा उपचार पूर्णपणे वेगळा. सपाट डाग जाऊनही 'डाग तसाच आहे' असं वाटतं तेव्हा पुष्कळदा ती खड्ड्याची सावलीच असते.

तपकिरीतही दोन थर असतात. कॉफीसारखा तपकिरी, कडा स्पष्ट असलेला डाग वरच्या थरात असतो. तो त्वचेच्या कात टाकण्याबरोबर हळूहळू वर येतो आणि निघून जातो. सहा महिने ते वर्षभर लागू शकतं, पण जातो. राखाडी किंवा निळसर छटेचा डाग खालच्या थरात उतरलेला असतो. तिथे मेलॅनिन भक्षक पेशींनी गिळून साठवलेलं असतं, वरून लावलेली मलमं तिथवर नीट पोचत नाहीत आणि वर्षानुवर्षं थांबावं लागतं. मुरूम कधी आलंच नाही अशा जागी राखाडी पट्टे उमटले असतील, किंवा दोन्ही गालांवर सारखाच धुरकट डाग असेल, तर ते वांग किंवा दुसरं काही असू शकतं. तिथे कोणताही दिवा लावण्याआधी त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा.

'प्रकाशोपचार' या एका शब्दाखाली फार वेगवेगळ्या गोष्टी विकल्या जातात, आणि निम्मी फसगत तिथेच होते. रुग्णालयात कोड किंवा सोरायसिससाठी देतात तो अतिनील प्रकाश, 311 नॅनोमीटरच्या आसपासचा (नॅनोमीटर हे प्रकाशाचा रंग ठरवणाऱ्या तरंगलांबीचं माप). तो रंग वाढवतो. तुमच्या डागांसाठी तो उलट्या दिशेचा उपचार आहे. लेसर आणि आयपीएल (पांढऱ्या प्रकाशाचा तीव्र झोत) हे उष्णतेने काम करतात: ठरावीक रंगाचा प्रकाश ठरावीक लक्ष्याने शोषला की ते लक्ष्य तापतं आणि तुटतं. 1983 साली अँडरसन आणि पॅरिश यांनी मांडलेलं हे तत्त्व आजही प्रत्येक त्वचा-लेसरच्या मुळाशी आहे. एलईडी मात्र काही जाळत नाही. तो मंद प्रकाश पेशींच्या कामात थोडा बदल करतो, म्हणून त्याचा परिणामही मंद आणि मर्यादित असतो. आणि उष्णतेचा लाल बल्ब हे चौथंच प्रकरण आहे. सारखी मध्यम उष्णता एकाच जागी घेत राहिल्यास त्वचेवर जाळीसारखे तपकिरी डाग उमटतात. गरम पाण्याची पिशवी रोज तासन्‌तास घेणाऱ्यांच्या पोटावर किंवा कमरेवर ते दिसतात. चेहऱ्याच्या डागांवर शेक देणारा दिवा कधीही धरू नका.

आता रंगाकडे. निळा दिवा, साधारण 415 नॅनोमीटरचा, मुरुमांच्या जिवाणूंमध्ये तयार होणाऱ्या पॉर्फिरिन या द्रव्याने शोषला जातो आणि जिवाणू मरतात. सौम्य ते मध्यम मुरुमांवर निळा आणि लाल दिवा आलटून पालटून, आठवड्यातून दोनदा असे चार आठवडे वापरल्याचे चांगले परिणाम नोंदलेले आहेत. पण तो मुरुमांचा उपचार आहे, डागांचा नाही. सावळ्या त्वचेत या निळ्या-जांभळ्या प्रकाशाची दुसरी बाजू आहे: रंगपेशींवर त्याला ओळखणारं ऑप्सिन-3 नावाचं प्रथिन असतं आणि ते जागं झालं की मेलॅनिन वाढतं. गोऱ्या त्वचेत हा परिणाम जवळजवळ दिसत नाही, गडद त्वचेत दिसतो आणि टिकतो. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: तपकिरी डाग असलेल्या सावळ्या चेहऱ्यावर निळा दिवा लावू नये. मास्कमध्ये 'सात रंग' आपोआप फिरत असतील तर तसा मास्क घेऊ नका. लाल एकटा निवडता यायला हवा.

लाल दिवा, 630 ते 633 नॅनोमीटर, आणि त्याच्या जोडीला डोळ्यांना न दिसणारा 830 नॅनोमीटरचा, हे डागांसाठी वापरायचे दिवे. पेशीतल्या ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकाँड्रियामधलं एक विकर हा प्रकाश शोषतं, सूज शमते, जखम भरण्याला हातभार लागतो, असं मानलं जातं. पिवळा दिवा, 590 च्या आसपास, लालीसाठी म्हणून विकला जातो. हिमोग्लोबिन 577 नॅनोमीटरच्या आसपासचा पिवळा प्रकाश जोरात शोषतं हे खरं, पण एलईडीच्या ताकदीने रक्तवाहिनी आकुंचन पावून बंद होईल हे शक्य नाही. ते काम लेसरचं. एलईडीकडून अपेक्षा ठेवायची ती इतकीच: उरलीसुरली सूज लवकर शमावी, नवे मुरूम आले तर त्यांचे डाग कमी पडावेत, लाली थोडी आधी उतरावी. जुन्या तपकिरी डागावर लाल एलईडीचा परिणाम फार कमी असतो, आणि 830 चा दिवा चेहरा गरम करत असेल तर तो बंद ठेवलेला बरा.

मास्क घेताना खोक्यावर दिव्यांची संख्या मोठ्या अक्षरात असते. त्या संख्येला फारसा अर्थ नाही. पाहायच्या गोष्टी दोन: तरंगलांबी नॅनोमीटरमध्ये लिहिली आहे का, आणि त्वचेपाशी किती मिलिवॅट प्रति चौरस सेंटिमीटर पडतात. त्यावरून मात्रा काढता येते. मिलिवॅट गुणिले सेकंद, भागिले हजार, म्हणजे ज्यूल प्रति चौरस सेंटिमीटर. समजा 30 मिलिवॅट आणि दहा मिनिटं, म्हणजे 600 सेकंद: 18 ज्यूल झाले. तोच मास्क 10 मिलिवॅटचा असेल तर तेवढ्या मात्रेला अर्धा तास लागेल. आकडाच दिला नसेल तर तो मास्क शोभेचा दिवा असू शकतो. आणि या उपचारात जास्त म्हणजे चांगलं असं नसतं. एका मर्यादेपर्यंत परिणाम वाढतो, पुढे तो घटतो, कधी उलटतो. 'रोज तासभर लावला, लवकर जाईल' या हिशेबाने चेहरा कोरडा आणि लाल करून घेणारे बरेच असतात.

वापरायची पद्धत. पहिल्या दिवशी पूर्ण चेहऱ्यावर नाही. जबड्याच्या एका बाजूला पाच मिनिटं लावा आणि दोन दिवस वाट पाहा. लाली टिकली, खाज सुटली किंवा डाग गडद झाला तर पुढे जाऊ नका. ठीक असेल तर सौम्य फेसवॉशने चेहरा धुवा, टिपून पूर्ण कोरडा करा, वर काहीही लावू नका. क्रीम, सीरम, सनस्क्रीनचा थर राहिला तर प्रकाश अडतो. ट्रेटिनॉइनसारखी रेटिनॉइड प्रकाशात खराब होतात, म्हणून ती दिवा बंद झाल्यावर रात्रीच लावायची. मास्क चेहऱ्याला टेकलेला असावा. प्रकाश पसरत जातो, दोन बोटांचं अंतर पडलं तरी मात्रा कमी होते. नाकाच्या बाजूला आणि जबड्याखाली मास्क नेमका उचललेला राहतो आणि बरेचसे डाग तिथेच असतात, हे आरशात पाहून घ्या. डोळ्यांवर सोबतची झाकणं हवीतच. नुसते डोळे मिटणं पुरत नाही, लाल प्रकाश पापणीतून आत जातो. दहा मिनिटं, आठवड्यातून तीन ते पाच वेळा. झाल्यावर साधं मॉइश्चरायझर.

डॉक्सिसायक्लिनसारखी प्रकाशसंवेदनशीलता वाढवणारी गोळी चालू असेल, ल्युपस किंवा पॉर्फिरिया असेल, डोळ्याच्या पडद्याचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मास्क लावू नका. अपस्माराचा त्रास असणाऱ्यांनी लुकलुकणारा दिवा टाळावा. बदलत चाललेल्या तिळावर कोणताही दिवा किंवा लेसर नाही, आधी तपासणी.

लेसर कधी? काचेच्या चाचणीत लाली पूर्ण जात असेल, चार-सहा महिने होऊनही ती उतरत नसेल आणि नवे मुरूम थांबले असतील तर पल्स्ड डाय लेसर हा लाल डागांसाठी सर्वांत जास्त वापरला गेलेला पर्याय. त्याची तरंगलांबी 595 नॅनोमीटर. त्वचेखाली रक्त साकळून जांभळे डाग पडू नयेत म्हणून साधारण 6 ते 10 मिलिसेकंदांचा लांब पल्स (प्रकाशाचा एक झटका) निवडतात, चार आठवड्यांच्या अंतराने दोन ते चार बैठका. पण 595 ला मेलॅनिनही बऱ्यापैकी शोषतं. म्हणून सावळ्या त्वचेत ऊर्जा कमी, पल्स लांब आणि वरच्या थराचं थंडकरण काटेकोर हवं. थंड करणारा फवारा जास्त झाला तर तोही त्वचा भाजतो आणि गोल कड्यासारखा तपकिरी डाग देतो. बैठकीनंतर तीन-चार आठवड्यांनी चेहऱ्यावर चंद्रकोरी उमटल्या तर हेच कारण शोधावं. 532 नॅनोमीटरचा केटीपी लेसर लालीवर जोरदार काम करतो, पण मेलॅनिन त्याला आणखी जास्त खातं, त्यामुळे गडद वर्णावर तो मी सुचवणार नाही.

आयपीएलबद्दल जरा थांबून सांगायला हवं, कारण भाजण्याच्या पुष्कळ तक्रारी तिथून येतात. आयपीएल हा लेसर नव्हे. साधारण 500 ते 1200 नॅनोमीटरचा पांढरा झोत असतो आणि पुढे फिल्टर लावून त्यातला खालचा भाग कापतात. त्याचा पल्स मिलिसेकंदांत असतो. मेलॅनिनचा दाणा इतका बारीक असतो की तो मायक्रोसेकंदाच्या आसपासच्या वेळात गार होतो. म्हणजे मिलिसेकंदांच्या झोतात उष्णता दाण्यात कोंडून राहत नाही, आजूबाजूच्या सगळ्या पेशींत पसरते. गोऱ्या त्वचेत आजूबाजूला मेलॅनिन कमी असल्याने हे निभावतं. सावळ्या त्वचेत संपूर्ण वरचा थर तापतो, पुन्हा सूज येते आणि सुजेनंतरचा डाग घालवायला गेलेल्या माणसाला सुजेनंतरचाच नवा डाग मिळतो, कित्येकदा आयपीएलच्या खिडकीच्या आकाराचा चौकोनी. केस काढण्यासाठी घरी वापरायचं आयपीएल यंत्र डागांवर फिरवणं तर अजिबात नको.

तपकिरी डागांसाठी वापरतात तो क्यू-स्विच्ड एनडी-याग, 1064 नॅनोमीटर. मेलॅनिन या तरंगलांबीला कमी शोषतं, म्हणून वरचा थर वाचतो, आणि पल्स नॅनोसेकंदांचा असल्याने दाण्याला बसणारा धक्का दाण्यापुरताच राहतो. कमी ऊर्जेत प्रकाशाचा मोठा ठिपका ठेवून चेहऱ्यावरून काही वेळा फिरवतात, याला लेसर टोनिंग म्हणतात. पिको लेसरचा पल्स त्याहून छोटा, उष्णता आणखी कमी. दोन्ही उपयोगी आहेत, पण पहिला उपाय म्हणून नव्हेत. टोनिंग दर आठवड्याला महिनोन्‌महिने करत राहिलं तर तपकिरी चेहऱ्यावर तांदळाच्या कण्यांसारखे पांढरे ठिपके पडतात. ते परत भरायला फार वेळ लागतो, काही भरतच नाहीत. दोन-तीन आठवड्यांचं अंतर ठेवावं, पाच-सहा बैठकांत फोटोत स्पष्ट फरक नसेल तर थांबावं, आणि पांढरा ठिपका दिसला की त्याच दिवशी बंद.

लेसर करायचाच ठरला तर आधी चाचणी ठिपका मागा: कानासमोर किंवा जबड्याखाली, एका डागावर, ठरवलेल्या ऊर्जेने. नंतर चार ते आठ आठवडे थांबा. 'चाचणी केली, काही झालं नाही, दुसऱ्या दिवशी पूर्ण चेहरा केला' याला चाचणी म्हणत नाहीत, कारण उलटा डाग उमटायला तीन ते सहा आठवडे लागतात. यंत्राचं नाव, तरंगलांबी, पल्स, ऊर्जा आणि ठिपक्याचा व्यास दर बैठकीला लिहून मागा. पुढे दुसऱ्या डॉक्टरकडे जावं लागलं तर हा कागद सोन्याचा ठरतो. उन्हात भाजलेली किंवा नुकतीच काळवंडलेली त्वचा असेल तर तारीख पुढे ढकला. मुरुमांसाठीची आयसोट्रेटिनॉइन हे औषध चालू आहे किंवा नुकतंच संपलं आहे हे आवर्जून सांगा. झोत मारताना त्वचा राखाडी किंवा पांढरट पडली, किंवा वेदना क्षणात न ओसरता जळजळत राहिली तर तिथेच थांबवायला सांगा. फोड आला तर फोडू नका. गार पाण्याची पट्टी, वर पेट्रोलियम जेली, आणि त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. नंतर डाग गडद झाला तर 'अजून एक बैठक घेतली की जाईल' हा सल्ला मानू नका. आधी सूज शमू द्या.

आता ज्याच्याकडे सर्वांत कमी लक्ष जातं आणि ज्याचा परिणाम सर्वांत जास्त असतो ते: सनस्क्रीन. घरी-दवाखान्यात लावलेला दिवा आठवड्यात तासभर, सूर्य मात्र रोजचा. सावळ्या त्वचेचा तपकिरी डाग फक्त अतिनील किरणांनी गडद होत नाही, दिसणाऱ्या प्रकाशानेही होतो, आणि साधं रंगहीन सनस्क्रीन तो अडवत नाही. म्हणून लोह ऑक्साइड असलेलं, त्वचेच्या रंगाचं टिंटेड सनस्क्रीन घ्या, एसपीएफ 30 किंवा जास्त, अतिनील-ए पासूनही संरक्षण देणारं. मात्रा: तर्जनी आणि मधल्या बोटावर टोकापासून मुळापर्यंत काढलेल्या दोन रेघा, चेहरा आणि मान मिळून. निम्म्याने लावलं तर आकडाही निम्म्याच्या आसपास येतो. बाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. खिडकीची काच अतिनील-बी बरीचशी अडवते. अतिनील-ए आणि उजेड आत येतात, त्यामुळे खिडकीशेजारी बसणाऱ्यांनाही हे लागू आहे. फोन-संगणकाच्या पडद्याची भीती मात्र बाळगू नका, सूर्यापुढे तो उजेड नगण्य आहे.

मलमांपैकी अझेलाइक ॲसिड, 15 ते 20 टक्के, मला या मिश्र डागांसाठी सर्वांत आवडतं. ते मुरुमांवर, लालीवर आणि रंगावर तिन्हीवर थोडंथोडं काम करतं. पहिले दोन आठवडे चुणचुणतं; एक दिवसाआड सुरू करा. सोबत नायसिनामाइड 4 ते 5 टक्के चालतं. ट्रेटिनॉइन 0.025 टक्क्यांपासून, वाटाण्याएवढं, पूर्ण चेहऱ्याला. त्याने त्वचा सोलून लाल झाली तर तीच सूज नवे डाग देते, तेव्हा घाई नको. हायड्रोक्विनोन डॉक्टरांच्या देखरेखीखालीच, तीन-चार महिन्यांपलीकडे सलग नाही. आणि गोरेपणाचं म्हणून कुणी हातात दिलेलं स्टेरॉइड मिसळलेलं मलम वापरत असाल तर दिवा-लेसर सगळं बाजूला ठेवा. त्याने त्वचा पातळ होते, वाहिन्या रुंदावतात, आणि तुमची लाली मुरुमांची नसून मलमाचीच असण्याची शक्यता आहे. ते एकदम बंद केलं तर चेहरा भडकतो, म्हणून तेही डॉक्टरांच्या सल्ल्यानेच सोडवायचं.

तुमच्याबाबतीत क्रम असा ठेवला असता. काचेची चाचणी करून कोणता डाग लाल, कोणता तपकिरी हे आजच लिहून ठेवा. फोटो काढा: एकच खिडकी, एकच वेळ, ऊन थेट नको, फोन हातभर अंतरावर, चेहरा उजळवणारी सोय बंद, समोरून आणि दोन्ही बाजूंनी. दर चार आठवड्यांनी तेच तीन फोटो. रोज आरशात पाहून काहीच कळत नाही. पहिले बारा आठवडे टिंटेड सनस्क्रीन, अझेलाइक ॲसिड आणि डाग न खुडण्याची सवय. खपली उचकटणं हे एकटंच सगळ्या उपचारांवर पाणी फिरवतं. नवे मुरूम अजून येत असतील तर डागांआधी त्यांचा उपचार. मास्क आधीच घरात असेल तर फक्त लाल दिवा, वर सांगितलेल्या मात्रेने. नसेल तर या बारा आठवड्यांत घेण्याची गरज नाही. तेराव्या आठवड्यात पहिले आणि शेवटचे फोटो शेजारी ठेवून पाहा. तपकिरी फिकट होत असेल तर तेच चालू ठेवा, लेसर नको. तपकिरी गेलं आणि दाबल्यावर जाणारी लाली तेवढी उरली असेल, तर पल्स्ड डाय लेसर असलेल्या, सावळ्या त्वचेवर तो नेहमी वापरणाऱ्या त्वचारोगतज्ज्ञाकडे ते फोटो घेऊन जा आणि सुरुवात एका चाचणी ठिपक्याने करायला सांगा.